जुनी पोथी 'दुरुस्त' करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

शाईथेंब

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी पणजोबांची पोथी लॅमिनेट करून आणल्याचे फोटो टाकलेत आणि खाली 'वा, छान जपलीत'ची रांग लागली आहे. तिथे लिहिलं असतं तर विरजण पडलं असतं, म्हणून हा वेगळा धागा काढते.

मी पुण्यात हस्तलिखितं आणि जुनी पुस्तकं यांच्या जतनाचं काम करते. क्षेत्रातले लोक 'कॉन्झर्व्हेटर' म्हणतात. आमच्या घरी विचाराल तर 'ती कागद चिकटवते'. तेही काही खोटं नाही. फक्त चिकटवण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि कधीकधी येतच नाही.

बासन (पोथी गुंडाळायचं कापड) सोडलं की आधी नुसतं बघायचं. पत्रं (म्हणजे पोथीची सुटी पानं) किती, क्रम लागतो का, कडा कुठे खाल्ल्यात, कसर अजून जिवंत आहे की नुसती भोकं उरलीत (पत्र हलवल्यावर ताजी भुकटी पडली की सावध व्हायचं), पाणी कुठून शिरलं होतं, आणि आधी कुणी काय उद्योग करून ठेवलेत. सगळ्याची नोंद, सगळ्याचे फोटो. मग शाईची परीक्षा. एखाद्या अक्षराच्या शेपटीवर, सहज नजर जाणार नाही अशा जागी, बारीक कुंचल्यानं पाण्याचा टिपूस ठेवायचा, जरा थांबायचं आणि टीपकागदाचा कपटा दाबून उचलायचा. कपट्यावर रंग आला की त्या पानाला पाणी वर्ज्य. काळी, तांबडी, समासातली, नंतर कुणी भर घातलेली, प्रत्येक शाईची परीक्षा वेगळी. एकाच ओळीत काळी अक्षरं घट्ट आणि तांबडे दंड (उभ्या रेघा) मात्र लगेच सुटणारे, हे हमखास सापडतं.

आपल्या बहुतेक पोथ्यांची काळी शाई काजळाची. काजळ, डिंक, पाणी आणि भरपूर घोटणं. काजळ म्हणजे कार्बन, ते उन्हानं विटत नाही की कागदाला खात नाही. त्याला धरून ठेवणारा डिंक मात्र पाण्यात सुटतो. म्हणून 'पान धुऊन स्वच्छ करून द्या ना' असं कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो.

फाटलेल्या जागी जपानी टिश्यू लावतो. कोझो नावाच्या झुडपाच्या सालीपासून तो करतात. धागे लांब, त्यामुळे कागद पातळ असूनही चिवट. सगळ्यात पातळ जातीचं वजन चौरस मीटरला २ ग्रॅमच्या आसपास. अक्षरांवर लावला तरी खालचं वाचता येतं. पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या कुंचल्यानं रेघ मारायची आणि त्या रेघेवर हातानं फाडायची, म्हणजे कडेला धाग्यांची झालर सुटते आणि जोड टोचत नाही. चिकटवायला गव्हाची खळ, तीही सरसकट मैद्याची नाही. ग्लुटेन काढून उरलेलं सत्त्व शिजवून, गाळून, ताकाइतकं पातळ करायचं. खळ अशासाठी की पुढे कधी ओलावा दिला की ती सुटते. माझ्यानंतर या पोथीवर बसणाऱ्याला माझं काम काढून टाकता आलं पाहिजे, एवढी एक अट मी स्वतःला घालून घेतली आहे. सेलोटेप, पांढरा गोंद आणि लॅमिनेशन ही तिन्ही त्या अटीत नापास.

विचारा काय विचारायचं ते. वेळ मिळेल तसं उत्तर देईन.

गोदाकाठचा

वा, वेगळाच विषय. आमच्याकडे नाशिकला गुरुचरित्राची हाती लिहिलेली पोथी आहे. लाल कापडात, कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाची पुरचुंडी, दर दसऱ्याला पूजा. आजोबा सापाची कातही ठेवत. याचा खरंच उपयोग होतो की नुसती समजूत?

शाईथेंब

कापडाचा नक्की होतो. सुती, धुतलेलं, खळ काढलेलं कापड धूळ अडवतं, उजेड अडवतं आणि दमट हवेचा पहिला हल्ला स्वतःवर घेतं. घट्ट बांधण्याचाही होतो. पत्रं दबून राहिली की कडा वर येत नाहीत आणि किड्याला शिरायला फट मिळत नाही. वेखंडाच्या उग्र वासानं कीड बिचकते, असलेली मरत नाही. पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला आणि कापडाच्या बाहेर. ओला पाला आत गेला की ओलही आत गेली, त्यातून डाग आणि बुरशी. कातीचं मी काही बोलत नाही, पण काढूनही टाकायला सांगणार नाही.

खरा धोका पूजेत आहे. हळद, कुंकू, अक्षता, फुलातलं पाणी, निरांजनाचं तेल थेट पानावर पडतं. तांदळाचा कण म्हणजे किड्याला आमंत्रण. पूजा बासनाची करा, वर वेगळं वस्त्र घाला आणि ते दरवर्षी बदला. देवाला चालेल.

स्वल्पविराम

तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्या एवं वदति पुस्तकम् ॥

लेखनिक पोथीच्या शेवटी लिहायचे हे. तेल, पाणी, सैल बांधणी, तिन्ही आली की वर.

शाईथेंब

आणि चौथंही आलं. :)

खवट_आजोबा

एका संग्रहात (नाव घेत नाही) तिथल्या बाई उघड्या हातांनी ताडपत्रं दाखवत होत्या. साधे हातमोजे घालायची शिस्त नाही. टीव्हीवर परदेशातले लोक बघा, पांढरेशुभ्र मोजे घालून पान उलटतात.

शाईथेंब

आजोबा, त्या बाईंचं बरोबर होतं. सुती मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही, धागा फाटक्या कडेत अडकतो आणि मोजा तळहाताचा घाम धरून ठेवतो. ब्रिटिश लायब्ररीसारख्या ठिकाणीही हस्तलिखितांसाठी स्वच्छ धुतलेले, कोरडे हातच चांगले म्हणतात. मोजे लागतात ते फोटो, धातू वगैरेंना. टीव्हीवाल्यांना मोजे आवडतात कारण ते दिसतात.

आमच्याकडे मोज्यांचं एक वेगळं कारण मात्र आहे. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. तो हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं संयुग. काही ठिकाणी कीड लागू नये म्हणून अख्खा कागदच त्यानं पिवळा केलेला असतो. अशी पोथी हाताळताना मी नायट्राइलचे मोजे घालते आणि पुसलेली धूळ मोकळी उडू देत नाही. बोट जिभेला लावून पान उलटायची सवय असलेल्या सगळ्यांनी हे दोनदा वाचावं.

रसायननाना

लॅमिनेशनबद्दल थोडी भर घालतो, कारण ते फक्त अडाणीपणातून आलं असं नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा उष्णता आणि दाब देऊन कागदाच्या दोन्ही बाजूंना बसवायची पद्धत आणली. त्या काळची ती सुधारलेली, शास्त्रीय पद्धत होती. आपल्याकडे एवढी यंत्रं कुठली, म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं उष्णतेऐवजी ॲसिटोन वापरून तेच काम हातानं करायची युक्ती काढली आणि ती बाहेरही गाजली. पुढे कळलं की ॲसिटेट स्वतःच कुजतं आणि ॲसेटिक आम्ल सोडतं. जुनं लॅमिनेट केलेलं बाड उघडलं की व्हिनेगरचा वास येतो तो त्याचाच.

दुसरी गोष्ट मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची. आमचे जुने बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचेच, झुरळ लागू नये म्हणून. झुरळ लागायचं नाही हे खरं. पण तांब्याचे आयन कागदाच्या विघटनाला हातभार लावतात. जंगाल, म्हणजे चित्रातला हिरवा रंग, जिथे जिथे आहे तिथे कागद तपकिरी होऊन तुटलेला दिसतो, तेही तांब्यामुळेच.

शाईथेंब

नाना, +१. माझ्या टेबलावर येणाऱ्या कामात काळानं केलेल्या नुकसानीइतकंच आधीच्या दुरुस्तीनं केलेलं नुकसान असतं. दोन्ही बाजूंना रेशमी शिफॉन चिकटवलेली बाडं बघा. तेव्हा उत्तम दिसली असतील. आज शिफॉन पिवळं पडून तडकलंय आणि काढायला गेलं की अक्षर सोबत येऊ पाहतं. हे काम करणारे आळशी नव्हते, त्यांच्या काळातलं सगळ्यात चांगलं तेच करत होते. म्हणून मी आजच्या 'सगळ्यात चांगल्या' गोष्टीकडेही जरा संशयानं बघते.

एक मात्र बोलायलाच हवं. जतनाची कंत्राटं बरेचदा पानामागे दर ठरवून निघतात. तुमच्या पानाला काहीच करायची गरज नाही, नुसतं पुसून डब्यात ठेवा, असं सांगणाऱ्याला त्या हिशेबात पैसेच नाहीत. मग ज्याला हात लावायला नको त्यालाही अस्तर चढतं. हे बदलल्याशिवाय नुसत्या कार्यशाळा घेऊन भागणार नाही.

मोडी_लिपीक

थोडं वेगळं मत मांडतो. राग नसावा. मी मोडी वाचतो, रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) चाळतो. मला मजकुराशी मतलब. चांगलं स्कॅन झालं की मूळ कागदाचा एवढा सोस कशाला? एवढ्या पैशात आणखी लाखभर पानं स्कॅन होतील. २००३ला राष्ट्रीय पांडुलिपी मिशन आलं, आता २०२५च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून जास्त हस्तलिखितांसाठी ज्ञान भारतम् जाहीर झालं. वेग हवा असेल तर स्कॅनिंगच.

शाईथेंब

राग कसला, स्कॅनिंग हवंच. स्कॅन झालेलं बाड लोक कमी हाताळतात, हाच त्याचा मोठा फायदा. पण चुरगळलेलं, घडीवर तुटणारं पान स्कॅनरखाली नेण्याआधी कुणीतरी उलगडावं लागतं, ते आम्ही.

आणि मजकुराशीच मतलब म्हणता, तर एक सांगते. इंग्लंडहून येणाऱ्या कागदात १७९४ नंतर जलचिन्हात साल घालायची पद्धत पडली, त्यामागे तिथला कराचा कायदा होता. समजा तुमच्या हातात १७८० मितीचं पत्र आहे आणि पान उजेडावर धरल्यावर आत १८०१ दिसतंय. ते पत्र नक्कल आहे की बनावट, हा पुढचा प्रश्न. पण १७८०चं ते नाही. साध्या स्कॅनमध्ये हे दिसणार नाही, कारण त्यात उजेड वरून पडतो. तिरप्या उजेडात हरताळाच्या लेपाखाली आधीच्या अक्षराचा उठाव दिसतो. शिवणीची भोकं मोजली की बाडातून कुणी पानं काढलीत का ते कळतं.

कागदही बोलतो. जुन्नरी कागद, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद, यांना दगडानं घोटून आणलेली झिलई असते. बोटाला फरक कळतो.

मोडी_लिपीक

जलचिन्हाचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी परवानगी मिळाली तर पान उजेडावर धरून बघणार.

शाईथेंब

परवानगी घ्या, आणि पान उचलून खिडकीला लावू नका. :) खालून प्रकाश देणारी पातळ एलईडी पाटी मिळते, ती पानाखाली सरकवायची.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. तुमच्या काजळाच्या शाईचा हेवा वाटतो. आमच्याकडच्या पोर्तुगीज कागदपत्रांत उलटी गत. गोव्याचं अभिलेखागार १५९५चं, दियोगु दु कोतु त्याचा पहिला प्रमुख. त्यातली बाडं पाहिलीत तर काही पानांवर अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं आहेत. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पान तर नुसती जाळी. वर आमची हवा.

शाईथेंब

तुम्ही मूळ पोस्टमध्ये राहून गेलेला भाग आणलात. ती मायफळ आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई. लिहिताना फिकी, नंतर हवेनं काळी होत जाते आणि कागदात मुरते. एरवी पाण्यानं सहज जात नाही म्हणून सरकारी कागदांना पसंत. पण तिच्यातलं आम्ल एका बाजूनं आणि मोकळं राहिलेलं लोह दुसऱ्या बाजूनं कागद कुरतडतं. दमट हवेत हे सगळं पसरतं, आणि गोव्यात हवा कोरडी कधी असते?

यावर नेदरलंड्समध्ये १९९०च्या दशकात एक उपाय निघाला, कॅल्शियम फायटेटचा. फायटिक आम्ल म्हणजे धान्याच्या कोंड्यात असतं तेच. ते मोकळ्या लोहाला पकडून निष्क्रिय करतं, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यानं आम्ल मारायचं. पण पान पाण्यात बुडवावं लागतं, आणि जाळी झालेलं पान पाण्यात टिकत नाही. अशा वेळी जमेल तितक्या कमी पाण्यात पातळ टिश्यूनं आधार देऊन थांबायचं. आधी चाचणीपट्टी लावून बघतात. पट्टी गुलाबी झाली की लोह मोकळं आहे. सरळ पाण्याचा कुंचला फिरवला तर ते लोह ओल्या कडेबरोबर पुढे सरकतं आणि नवीन जागा खायला लागतं. म्हणून अशा पानांवर साध्या खळीची पट्टीसुद्धा विचार करून लावावी लागते.

दूरदेशी

मी फ्लॉरेन्सला असते. ४ नोव्हेंबर १९६६ला इथे आर्नो नदीचा पूर आला आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तकं चिखलात गेली. जगभरातून पोरं येऊन हातोहात पुस्तकं वर काढत होती, इथे त्यांना अजूनही 'चिखलातले देवदूत' म्हणतात. एवढी ओली पुस्तकं वाळवायला जागा नव्हती, म्हणून तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये नेली. तुमच्या शास्त्राची नवी सुरुवात तिथून झाली म्हणतात, खरं का?

शाईथेंब

बऱ्याच अंशी खरं. तोवर हे बाइंडरचं काम होतं आणि प्रत्येकाची आपापली गुपितं होती. फ्लॉरेन्सला देशोदेशीचे लोक एकाच टेबलावर बसले आणि कोणती बांधणी का टिकली याची तुलना सुरू झाली. इंग्लंडहून गेलेल्या ख्रिस्तोफर क्लार्कसननं तिथे पाहिलं की फळ्या नसलेली, नुसत्या चर्मपत्राच्या लवचीक वेष्टनातली आणि जवळपास गोंद न वापरता शिवलेली पुस्तकं पुरातून सगळ्यात चांगली वाचली होती. कडक, गोंदाळलेली, दिमाखदार बांधणी फुगून फाटली. आजही मी नवं वेष्टन करताना गोंद कमी आणि शिवण जास्त ठेवते ते त्यावरूनच.

कृष्णाकाठी

पुराचा विषय निघालाच आहे तर. सांगलीला २०१९ला आमच्या घरात पाणी शिरलं. जमिनीचे जुने कागद आणि वडिलांच्या वह्या पेटीत होत्या. तेव्हा उन्हात वाळवल्या. आता सगळ्याचा एक ठोकळा झालाय. काही करता येईल का?

शाईथेंब

वाईट वाटलं वाचून. कोरडा ठोकळा सुरी घालून उकलू नका, एवढं आधी सांगते.

हाताने केलेले किंवा साधे कागद असतील तर आशा आहे. आम्ही ओला टीपकागद, त्यावर गोरटेक्स (यातून वाफ जाते, पाणी जात नाही) आणि त्यावर ठोकळा असं रचतो, वरून झाकतो. कागदाला नुसती वाफ मिळते. काही तासांनी कडा सैल होतात, मग बांबूच्या पातळ पातीनं एकेक पान. घाई केली की वरचा थर सोलून येतो. गुळगुळीत आर्ट पेपर चिकटला असेल तर तो बहुतेक गेलाच. वडिलांनी फाउंटन पेननं लिहिलं असेल तर वाफेनंही शाई पसरू शकते. जमिनीच्या कागदांवरचे शिक्केही तसेच. हे घरी करू नका. ठोकळा कोरड्या, हवेशीर जागी ठेवा आणि जवळच्या एखाद्या प्रयोगशाळेला दाखवा.

पुढे कधी वेळ आलीच (न येवो), तर ओले कागद उन्हात नकोत. बुरशी धरायला ४८ तास पुरतात. तेवढ्यात वाळवून होत नसेल तर छोटे छोटे गठ्ठे करून, मध्ये बटर पेपर घालून, पिशवीत बांधून सरळ फ्रीजरमध्ये. गोठलेला कागद थांबून राहतो, आणि विचार करायला वेळ मिळतो.

कृष्णाकाठी

फ्रीजरचं डोक्यातही आलं नसतं. धन्यवाद ताई. ठोकळा गाठोड्यात बांधून ठेवलाय, माळ्यावरून खाली आणतो.

बीएस्सी_झालं_आता_काय

ताई, रसायनशास्त्रात बीएस्सी आहे, चित्रकलेची आवड आहे. या क्षेत्रात यायला काय करावं? आणि पोट भरतं का?

शाईथेंब

रसायनशास्त्र आणि स्थिर हात, दोन्ही आहेत म्हणजे निम्मं झालं. लखनौला एनआरएलसी ही केंद्राची जतन-संशोधन प्रयोगशाळा आहे (१९७६ची), तिथे प्रशिक्षण होतं. पदव्युत्तर शिकायचं तर नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज. इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची केंद्रंही आहेत. त्याआधी एखाद्या ग्रंथालयात नुसती धूळ पुसायला जा. मऊ ब्रशनं, मधल्या शिवणीकडून बाहेर, पानामागून पान. दुपारपर्यंत कंटाळा आला तर हे काम तुमचं नाही, आणि ते लवकर कळलेलं बरं.

पोट भरतं, पण कायम नोकऱ्या मोजक्या आणि कंत्राटाची कामं पुष्कळ. संस्कृत किंवा मोडी वाचता येत असेल तर किंमत वाढते. क्रम चुकलेली पत्रं लावणाऱ्याला मजकूर कळावाच लागतो.

स्वल्पविराम

अवांतर: भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ला युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, त्यातलं एक भूर्जपत्रावर शारदा लिपीत आहे. भूर्जपत्रालाही हीच खळ आणि टिश्यू का?

शाईथेंब

नाही. भूर्जपत्र म्हणजे सालीचे एकावर एक पापुद्रे, मुळात नैसर्गिक चिकाने धरलेले. तो चिक सुकला की पापुद्रे आपसात सुटतात, मग कधी अक्षर एका पापुद्र्यावर आणि त्याची वेलांटी दुसऱ्यावर. शिवाय कागद ओलाव्यानं फुगतो तशी साल फुगत नाही, त्यामुळे ओली खळ लावली की दोघांची ओढाताण. तिथे अगदी कमी ओलीचा चिकट पदार्थ, बिंदू-बिंदू लावून. वाकवायचं तर अजिबात नाही.

गोदाकाठचा

धागा वर काढतो. तुमचं वाचून पोथीसाठी डबा करून घ्यायचं ठरवलंय. सुताराला सागवानी पेटी सांगू का? माप काय द्यायचं?

शाईथेंब

लाकडी पेटी नको. लाकूड स्वतः आम्ल सोडतं. आम्लरहित पुठ्ठ्याचा डबा करून घ्या, बाइंडरला 'ॲसिड-फ्री बोर्ड' म्हणून सांगा आणि मोरचूद घातलेली खळ नको म्हणून बजावा. घरात पेटी आधीच असेल तर पुठ्ठ्याचा डबा तिच्या आत ठेवा.

माप बासन बांधलेल्या पोथीचं घ्या, उघडीचं नको. लांबी दोन टोकांना आणि मध्ये अशी तीनदा मोजा, जास्तीत जास्त येईल ती धरा; रुंदीचंही तसंच. उंची मोजताना वर तळहात ठेवा, दाबू नका. प्रत्येक बाजूला ३-४ मिलिमीटर मोकळे सोडा. एक बाजू खाली पडेल असा डबा करून घ्या, म्हणजे पोथी वरून उचलावी लागणार नाही, आडवी सरकवून बाहेर घेता येईल.